शोथशामक वेदनाहारके, संधिविकारांवरील

सांध्यांची सूज, ताठरपणा व वेदना कमी करणारी, परंतु अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अंतःस्रावी ग्रंथीच्या) स्टेरॉइड हॉर्मोनांशी रासायनिक संबंध नसलेली औषधे. त्यांना स्टेरॉइडेतर शोथशामक औषधे असेही म्हणतात. शरीरातील ऊतकाला (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाला) इजा झाली असता तेथे लाली, उष्णता, सूज व वेदना या स्वरूपात जी प्रतिक्रिया उमटते तिला शोथ म्हणतात. ॲस्पिरीन, इंडोमेथॅसीन, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, पिरॉक्सिकॅम, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही या गटातील प्रमुख औषधे होत. अफूपासून मिळणाऱ्या वेदनाहारकांप्रमाणे ती गुंगी आणीत नाहीत व त्यांचे व्यसन लागत नाही. पॅरासिटामॉल हे वेदना व ज्वर कमी करणारे असले, तरी त्याची शोथशामक क्रिया नगण्य असल्याने ते सामान्यतः या गटात धरीत नाहीत.

अस्थिसंधिशोथ (सांध्यातील कूर्चेची झीज), संधिवाताभ संधिशोथ, बद्धकशेरुक संधिशोथ (पाठीचा कणा ताठ होत जाणारा विकार) व गाऊट या सर्वांत ही औषधे वापरली जातात. बोलीभाषेत या साऱ्यांना सरसकट ‘संधिवात’ म्हटले जाते आणि एकच गोळी सर्वांवर चालते, असा समज रूढ झाला आहे. वेदनेपुरता तो काहीसा खराही आहे. मात्र ही औषधे यांपैकी कोणत्याही विकाराचे मूळ कारण दूर करीत नाहीत.

या औषधांच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य सुरुवातीलाच लक्षात घेणे आवश्यक आहे. त्यांचा गुण तासा-दोन तासांत रुग्णाला स्वतःला जाणवतो. त्यांचा अपाय मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी होतो आणि तो बहुधा जठरव्रण, हृदयविकाराचा झटका, वृक्काची (मूत्रपिंडाची) दुर्बलता अशा, उतारवयात एरवीही होणाऱ्या आजारांच्या रूपाने प्रकट होतो. रुग्ण साठीचा, आजार साठीत होणारा. त्यामुळे गोळीकडे संशयाने पाहण्याचे कारणच कोणाला दिसत नाही. याउलट एखादे औषध क्वचितच आढळणारा विचित्र आजार निर्माण करू लागले, तर ते थोड्याच काळात उघडकीस येते. म्हणूनच या गटाचे दुर्मिळ अपाय आधी कळले आणि नेहमीचे अपाय फार उशिरा.

सॅलिसिलेटांचा काळ : वाळुंज (विलो) वृक्षाच्या सालीचा ज्वरावर उपयोग होतो, हे प्राचीन काळापासून माहीत होते. इंग्लंडमधील चिपिंग नॉर्टन येथील धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी सुमारे ५० रुग्णांना या सालीचे चूर्ण देऊन मिळालेले निष्कर्ष १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. म्यूनिक येथील योहान बुखनर यांनी १८२८ मध्ये सालीतून सॅलिसीन हा कडू पदार्थ वेगळा केला व १८३८ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ राफाएले पिरीया यांनी त्यापासून सॅलिसिलिक अम्ल मिळविले. हेर्मान कोल्बे यांच्या संश्लेषणपद्धतीने (साध्या पदार्थांपासून कृत्रिम रीतीने संयुग बनविण्याच्या पद्धतीने) ड्रेझ्डेनजवळ १८७४ मध्ये या अम्लाचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले आणि वृक्षाच्या सालीवर अवलंबून राहण्याची गरज संपली.

सांधेदुखीवरील उपयोगाचा खरा आरंभ १८७६ सालचा. त्या वर्षी स्कॉटलंडमधील डंडी येथील वैद्य टॉमस मॅक्लॅगन यांनी तीव्र संधिज्वराच्या रुग्णांना सॅलिसीन देऊन ताप व सांध्यांची सूज झपाट्याने उतरल्याचे प्रसिद्ध केले. संधिज्वर दमट, सखल प्रदेशात होतो आणि वाळुंजही तेथेच वाढतो. तेव्हा रोगाजवळच त्याचा उतारा असणार, असा त्यांचा तर्क होता. तर्क निराधार असला, तरी निष्कर्ष बरोबर निघाला. रुग्णाला देण्यापूर्वी त्यांनी ५, १० व ३० ग्रेन अशा चढत्या मात्रा स्वतः घेऊन पाहिल्या होत्या. त्याच वर्षी बर्लिनमध्ये सॅलिसिलिक अम्लाबाबतही असेच अनुभव नोंदले गेले. परंतु त्यासाठी रोज अनेक ग्रॅम अम्ल घ्यावे लागे. त्यामुळे मळमळ, ओकाऱ्या, पोटात जळजळ व कानांत सतत गुणगुण होई. पुढे कित्येक वर्षे वैद्य कानांतील या गुणगुणीलाच पूर्ण मात्रा गाठल्याची खूण मानीत आणि तेथून मात्रा किंचित कमी करीत. विषबाधेच्या उंबरठ्यावर नेऊन मात्रा ठरविण्याची ही रीत आज विलक्षण वाटते. पण रक्तातील औषधाचे प्रमाण मोजण्याचे दुसरे साधन तेव्हा नव्हते.

ॲसिटिल सॅलिसिलिक अम्ल प्रथम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल झेरार यांनी १८५३ मध्ये अशुद्ध स्वरूपात बनविले होते. ते शुद्ध व टिकाऊ स्वरूपात मिळविण्याची कृती जर्मनीतील बायर कंपनीच्या फेलिक्स होफमान यांच्या १० ऑगस्ट १८९७ च्या टिपणात आढळते. १८९९ मध्ये ते ॲस्पिरीन या नावाने बाजारात आले. होफमान यांच्या वडिलांना संधिवात होता व सॅलिसिलेट त्यांच्या पोटाला सोसेना, म्हणून पुत्राने हा शोध लावला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. पण ती प्रथम छापली गेली १९३४ मध्ये. बायरमधील होफमान यांचे ज्येष्ठ सहकारी आर्टूर आयखेनग्र्यून यांनी १९४९ मध्ये असा दावा केला, की हे काम आपल्या सूचनेवरून झाले होते. आयखेनग्र्यून ज्यू असून नाझी राजवटीत छळछावणीत डांबले गेले होते, ही बाब लक्षात घेता १९३४ मधील कथेत त्यांचे नाव नसावे यात नवल नाही. वॉल्टर स्नीडर या इतिहासकारांनी २००० साली उपलब्ध कागदपत्रे तपासून आयखेनग्र्यून यांच्या बाजूने मत दिले. बायर कंपनीने ते मान्य केलेले नाही. कंपनीचे औषधिक्रियाविज्ञ हाइन्‍रिख ड्रेसर यांना या औषधाने हृदय दुबळे होईल अशी धास्ती होती. पुढे शंभर वर्षांच्या आत हेच औषध अल्प मात्रेत हृदयरोग्यांना नित्य दिले जाऊ लागले.

ॲस्पिरीन जठरातून न बदलता आतड्यात जाते व तेथे त्याचे विघटन होते, म्हणून ते पोटाला सौम्य आहे, अशी समजूत ४० वर्षे टिकून होती. लंडन येथे डाउथवेट व लिंटॉट यांनी १९३८ मध्ये जठरदर्शक नळीतून प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा ॲस्पिरिनाच्या कणाभोवती जठराचे श्लेष्मल आवरण (बुळबुळीत अस्तर) लालभडक होऊन काही जणांत रक्त पाझरताना दिसले. तोपर्यंत जगभर लोकांनी किती गोळ्या घेतल्या असतील याची गणतीच नाही. रक्तस्राव होत होता, पण तो ‘अल्सर’ म्हणून नोंदला जात होता.

याच काळात दुसऱ्या एका औषधाचा अपाय कसा लवकर उमगला, ते पाहण्यासारखे आहे. ॲमिडोपायरीन हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेले वेदनाहारक काही रुग्णांच्या रक्तातील कणयुक्त श्वेतकोशिका जवळजवळ नाहीशा करते. घशात सडके व्रण, तीव्र ताप आणि थोड्याच दिवसांत मृत्यू, असे या विकाराचे वर्णन १९२२ मध्ये जर्मनीत झाले. रोगच अपरिचित असल्यामुळे वैद्य कारणाच्या शोधाला लागले आणि १९३४ च्या सुमारास त्याचा औषधाशी असलेला संबंध निश्चित झाला.

कॉर्टिसोन व नवी संयुगे : अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथाने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) दिली. काही दिवसांतच ती चालू लागली. हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु दीर्घकाळ दिल्यास चेहरा चंद्रासारखा गोल होणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तदाब व रक्तशर्करा वाढणे, जंतुसंसर्ग बळावणे हे परिणाम लवकरच दिसून आले. त्यामुळे स्टेरॉइड नसलेल्या शोथशामकाचा शोध जोराने सुरू झाला. या गटाचे ‘स्टेरॉइडेतर’ हे नकारार्थी नाव त्या निराशेची आठवण आहे.

स्विस कंपनी गायगी हिचे फिनिल ब्युटाझोन १९४९ मध्ये आले. बद्धकशेरुक संधिशोथात ते इतके गुणकारी ठरले, की अस्थिमज्जा निकामी होण्याचा धोका माहीत असूनही त्याचा वापर अनेक वर्षे होत राहिला. १९८० नंतरच्या दशकात बहुतेक देशांनी त्यावर कडक निर्बंध घातले. घोड्यांच्या लंगडेपणावर मात्र ते अजून दिले जाते. इंडोमेथॅसीन १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास आले. इंग्लंडमध्ये नॉटिंगॅम येथील बूट्स कंपनीत स्ट्यूअर्ट ॲडम्स व जॉन निकल्सन यांनी अनेक वर्षे शेकडो संयुगे तपासून आयबुप्रोफेन निवडले. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ते वैद्यांच्या चिठ्ठीवर, तर १९८३ पासून चिठ्ठीविना मिळू लागले. चिठ्ठीविना विक्रीची परवानगी देताना प्रतिदिनी १,२०० मिग्रॅ. ही मर्यादा घालण्यात आली. मात्रा व सुरक्षितता यांचा संबंध सर्वसामान्य ग्राहकाच्या वेष्टनावर येण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. डायक्लोफेनॅक हेही याच पिढीतील. ते प्रथम १९७४ मध्ये जपानात विक्रीस आले.

बेनॉक्साप्रोफेनचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे. ‘ओप्रेन’ या नावाने ते १९८० मध्ये ब्रिटनमध्ये गाजावाजा करून आणले गेले. दिवसातून एकच गोळी पुरते, हा त्याचा मोठा गुण सांगितला जाई. ते एकाच मात्रेत पुरे, कारण ते शरीरातून सावकाश बाहेर पडे. आणि वृद्धांच्या शरीरातून तर फारच सावकाश. तरुण प्रौढांवरून ठरविलेली मात्रा रोज घेणाऱ्या वृद्धांच्या शरीरात औषध साचत गेले. त्वचा उन्हाने भाजणे, नखे सुटणे यांपाठोपाठ यकृत व वृक्क निकामी होऊन मृत्यू होऊ लागले. ब्रिटनमध्ये ६० हून अधिक मृत्यूंची नोंद झाल्यावर ऑगस्ट १९८२ मध्ये औषध मागे घेण्यात आले. ज्या वयाचे लोक संधिविकारांवरील औषध सर्वाधिक घेणार त्या वयाच्या लोकांवर ते पुरेसे तपासलेच नव्हते, हा दोष एका कंपनीपुरता नव्हता. त्या काळच्या औषधपरीक्षणाच्या एकंदर पद्धतीतच तो होता. यानंतर वृद्धांमधील परीक्षणे व कमी मात्रा यांवर औषधनियंत्रक भर देऊ लागले.

क्रियेचा उलगडा : ॲस्पिरीन नेमके काय करते, हे ७० वर्षे कोणालाही सांगता येत नव्हते. लंडन येथील जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये गिनीपिगच्या फुप्फुसावरील प्रयोगांतून दाखवून दिले, की ॲस्पिरीन, सॅलिसिलेट व इंडोमेथॅसीन ही प्रॉस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात. प्रॉस्टाग्लँडिने ही बहुतेक सर्व ऊतकांत जागच्या जागी तयार होणारी व थोड्याच वेळात नष्ट होणारी रासायनिक द्रव्ये आहेत. सुजलेल्या सांध्यात ती रक्तवाहिन्या रुंदावतात व तंत्रिकांची (मज्जातंतूंची) वेदनाग्राहकता वाढवितात. व्हेन यांना स्यूने बेरिस्ट्रम व बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्याबरोबर १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाने गुण व अपाय यांचे नातेही उलगडले. प्रॉस्टाग्लँडिने केवळ सांध्यातच नसतात. जठरात ती श्लेष्मा व अल्कली स्रवण्यास मदत करून आतील अस्तराचे अम्लापासून रक्षण करतात. शरीरातील पाणी कमी झाले असता किंवा हृदय दुबळे असता वृक्काकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवितात. त्यांच्याच कुळातील द्रव्ये बिंबाणूंचे (रक्त साकळण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म कणांचे) एकत्र येणे वाढवितात किंवा रोखतात. म्हणजे सांध्याची वेदना ज्या क्रियेने थांबते, त्याच क्रियेने जठर, वृक्क व रक्तवाहिन्या यांचे संरक्षणही कमी होते. गोळी अन्नाबरोबर घेतल्याने जळजळ कमी होईल, पण व्रणाचा धोका टळत नाही, याचे कारण हेच. औषध रक्तामार्गे जठराच्या अस्तरापर्यंत पोहोचतेच. ‘गोळीने पोट बिघडते, म्हणून सुई घ्यावी’ हा समजही त्यामुळे निराधार ठरतो.

कॉक्सिबांचा उदय व रोफेकॉक्सिब प्रकरण : प्रॉस्टाग्लँडिने बनविणारे सायक्लोऑक्सिजनेज हे एंझाइम (रासायनिक विक्रियेस चालना देणारे प्रथिन) दोन प्रकारचे असल्याचे १९९० नंतरच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. पहिला प्रकार जठरात व बिंबाणूंत सदैव असतो. दुसरा शोथाच्या जागी वाढतो. केवळ दुसऱ्यालाच रोखणारे औषध मिळाले, तर सांधा शमेल व पोट सुरक्षित राहील, ही कल्पना मोहक होती. तीतून सेलेकॉक्सिब (१९९८) व रोफेकॉक्सिब (१९९९) ही औषधे अमेरिकेत मान्यता पावली.

संधिवाताभ संधिशोथाच्या सुमारे ८,००० रुग्णांवरील एका परीक्षणाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. नॅप्रोक्सेनच्या तुलनेने रोफेकॉक्सिबमुळे जठर व ग्रहणी (लहान आतड्याचा आरंभीचा भाग) यांतील गंभीर उपद्रव निम्म्याने कमी झाले होते. परंतु हृदयविकाराचे झटके रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांत अनेकपट अधिक होते. नॅप्रोक्सेन हे हृदयाचे रक्षण करीत असावे, म्हणून हा फरक दिसतो, असा खुलासा मर्क या उत्पादक कंपनीने केला. खुलासा अशक्य कोटीतला नव्हता; पण तो पडताळून पाहण्यापूर्वीच औषधाचा प्रचार जोरात चालू राहिला, ही गोष्ट समर्थनीय नव्हती. अखेर मोठ्या आतड्यातील मोडांसारख्या वाढीवर उपयोग होतो का हे पाहण्यासाठी योजलेल्या दुसऱ्या परीक्षणात तुलनेसाठी निष्क्रिय गोळी दिलेली होती. निष्क्रिय गोळीवर हृदयरक्षणाचा आरोप करता येत नाही. १८ महिन्यांनंतर रोफेकॉक्सिबच्या गटात हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण सुमारे दुप्पट झालेले दिसले आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले. तोपर्यंत एकट्या अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोकांनी ते घेतले होते. वाल्डेकॉक्सिब २००५ मध्ये मागे घेतले गेले.

या प्रकरणाने जुन्या औषधांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. डायक्लोफेनॅक हे दुसऱ्या प्रकारच्या एंझाइमाला जवळजवळ सेलेकॉक्सिबइतकेच अधिक रोखते, असे दिसून आले. शेकडो परीक्षणांतील रुग्णांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार कॉक्सिब किंवा डायक्लोफेनॅक मोठ्या मात्रेत वर्षभर घेणाऱ्या दर १,००० रुग्णांमागे हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३ ने वाढतात व त्यांपैकी १ प्राणघातक असते. आयबुप्रोफेनची मोठी मात्राही (प्रतिदिनी २,४०० मिग्रॅ.) या बाबतीत फारशी निराळी नाही. हृदय अकार्यक्षम होऊन रुग्णालयात दाखल होण्याचा धोका सर्वच औषधांनी वाढतो. यूरोपीय औषधनियंत्रकांनी २०१३ मध्ये हृदयरोग्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असे जाहीर केले. म्हणजे औषध बाजारात आल्यानंतर जवळजवळ ४० वर्षांनी. सेलेकॉक्सिबची बाजू मात्र काहीशी सावरली. २४,००० हून अधिक रुग्णांवरील व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मध्यम मात्रेतील सेलेकॉक्सिब हे आयबुप्रोफेन व नॅप्रोक्सेन यांच्यापेक्षा हृदयाला अधिक घातक आढळले नाही.

भारतातील परिस्थिती : भारत सरकारने १९८३ मध्ये ॲमिडोपायरिनावर, तसेच शोथशामके व जीवनसत्त्वे यांच्या ठराविक मिश्रणांवर बंदी घातली. रोफेकॉक्सिबवर डिसेंबर २००४ मध्ये, तर वाल्डेकॉक्सिबवर जुलै २००५ मध्ये बंदी आली. निमेसुलाइड या औषधाचा इतिहास अधिक लांबला. १९८५ मध्ये इटलीत प्रचारात आलेल्या या औषधाला अमेरिका व ब्रिटन येथे कधीच परवाना मिळाला नाही. यकृतास होणाऱ्या इजेमुळे फिनलंड व स्पेन यांनी २००२ मध्ये ते थांबविले. भारतात मात्र ते लहान मुलांच्या तापावरही दिले जात होते. १२ वर्षांखालील मुलांसाठी त्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये बंदी घालण्यात आली.

दोन वा तीन वेदनाहारके एकाच गोळीत घालण्याची प्रथा येथे फार वाढली. निमेसुलाइड व डायक्लोफेनॅक एकत्र असलेली गोळी हे त्याचे ठळक उदाहरण होय. मार्च २०१६ मध्ये बंदी घातलेल्या ३४४ मिश्रणांत तिचा समावेश होता. न्यायालयीन वादानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. एकाच क्रियेची दोन औषधे एकत्र घेतल्याने वेदना दुपटीने कमी होत नाही. अपाय मात्र वाढतात. डायक्लोफेनॅकसारखी औषधे कायद्याने वैद्याच्या चिठ्ठीवरच विकावयाची असली, तरी ती दुकानात सहज मिळतात. गावोगाव ‘जडीबुटीची पुडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या काही चूर्णांत स्टेरॉइडे मिसळलेली असल्याचेही रासायनिक तपासण्यांत आढळले आहे. पुडीने एका रात्रीत गुण येण्याचे रहस्य बहुधा हेच असते.

या औषधांच्या वृक्कावरील परिणामाचा सर्वांत भयानक दाखला माणसांत नव्हे, तर गिधाडांत दिसला. १९९० नंतर भारतीय उपखंडातील गिधाडांच्या तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाकिस्तानातील संशोधनावरून असे निष्पन्न झाले, की डायक्लोफेनॅक दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाल्ल्याने गिधाडांचे वृक्क निकामी होतात. मुंबईत मलबार हिलवरील पारशी दखम्यांच्या परंपरेलाही या ऱ्हासाची झळ पोहोचली. भारतात गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये कुपी एका मात्रेपुरती, म्हणजे ३ मिलि. एवढी मर्यादित करण्यात आली. मेलॉक्सिकॅम हे याच गटातील औषध गिधाडांना निरुपद्रवी ठरले आहे.

सुरक्षित वापर : वरील अनुभवांतून आजचे संकेत तयार झाले आहेत. औषध गुण देणाऱ्या सर्वांत कमी मात्रेत व आवश्यक तेवढेच दिवस घ्यावे. एका वेळी या गटातील एकच औषध घ्यावे. व्यापारी नावे भिन्न असली तरी आतील औषध एकच असू शकते, म्हणून वेष्टनावरील मूळ औषधाचे नाव वाचणे इष्ट. गुडघा वा हात यांच्या अस्थिसंधिशोथात तोंडावाटे औषध घेण्यापूर्वी डायक्लोफेनॅकसारखे मलम लावून पाहावे. त्यातून रक्तात जाणारे औषध फारच थोडे असते. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम व वजन कमी करणे यांचा गुडघ्याला होणारा लाभ गोळीपेक्षा सावकाश मिळतो, पण टिकतो. संधिवाताभ संधिशोथात मेथोट्रेक्सेटसारखी रोगाची गती रोखणारी औषधे लवकर सुरू करणे महत्त्वाचे असते. केवळ वेदनाहारकावर वर्षे काढल्यास वेदना सुसह्य राहते आणि सांधे आतून कायमचे नष्ट होतात.

जठरव्रणाचा धोका ६५ वर्षांवरील व्यक्ती, पूर्वी व्रण झालेले रुग्ण आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे वा स्टेरॉइडे घेणारे यांना विशेष असतो. त्यांना औषध द्यावेच लागले, तर जोडीला ओमेप्राझोलसारखे अम्लनिर्मिती रोखणारे औषध देतात. साधे अम्लविरोधी द्रावण त्यासाठी पुरत नाही. हृदयासाठी अल्प मात्रेत ॲस्पिरीन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन आधी घेतल्यास ॲस्पिरिनाची बिंबाणूंवरील क्रिया अडते. रक्तदाबावरील काही औषधे (उदा., एनालाप्रिल) व मूत्रल (लघवी वाढविणारी) औषधे यांच्या जोडीला वेदनाहारक आले, की वृक्क अचानक निकामी होण्याचा संभव असतो. उन्हात राबून घामाने पाणी गेलेल्या किंवा जुलाब-उलट्या झालेल्या माणसाने ठणकणाऱ्या अंगावर उपाय म्हणून ही गोळी घेणे याच कारणाने धोक्याचे असते. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिनाने तीव्र झटका येतो. त्यांना या गटातील बहुतेक जुनी औषधे वर्ज्य असतात. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे वैद्यांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. अखेरच्या तीन महिन्यांत ती टाळतात.

२००६ च्या साथीपासून महाराष्ट्रात परिचित झालेल्या चिकुनगुन्या ज्वरात सांधे अतिशय दुखतात व ही औषधे उपयोगीही पडतात. परंतु डेंग्यूचा आरंभही तशाच अंगदुखीने होतो, एकच डास दोन्ही रोग पसरवितो आणि डेंग्यूत बिंबाणू आधीच घटलेले असतात. म्हणून डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत केवळ पॅरासिटामॉल द्यावे, असा दंडक आहे.

वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. वेदनाहारकामुळे व्रणाची वेदनाही दबते. त्यामुळे पोट अजिबात न दुखता व्रण फुटू शकतो किंवा त्यातून रक्त जाऊ शकते. पुष्कळदा डांबरासारखे काळे शौच, चक्कर किंवा अकारण थकवा एवढीच पहिली लक्षणे असतात. ती दिसताच गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.